खरवड कुणाची

आमच्या भट्टीवर दूध गावाचं असायचं, खवा काकांचा, आणि कढईच्या बुडाला जे चिकटून राहील ते ढवळणारीचं. हा नियम कुणी लिहिला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. खवा काढून घेतला की कढई तिरकी करायची, लोखंडी उलथन्यानं बूड खरडायचं. तांबूस, करपट, गोड पापुद्रे निघायचे. ती खरवड. खव्यापेक्षा खरवड चांगली लागते, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

ढवळणारी म्हणजे माझी आत्या, वडिलांची आणि काकांची थोरली बहीण. तिला लोहारा गावाकडं दिली होती. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं तिला जीपमध्ये बसवून येडशीला उतरवून दिलं आणि त्याच जीपनं तो परत गेला. डोक्यावर गाठोडं घेऊन ती चालत माहेरी आली. माहेरानं तिला घरात घेतलं नाही, भट्टीवर घेतलं. तिची वाकळ भट्टीच्या शेडात, तिचं जेवण सगळ्यांचं झाल्यावर. साऱ्या घरात तिच्या म्हणाव्या अशा दोनच गोष्टी होत्या, ते लोखंडी उलथनं आणि ती खरवड.

हे वाचून कुणाला तिची दया येत असेल तर थोडं थांबावं. दुपारी खरवड निघाली की ती शेडाच्या उंबऱ्यावर बसायची आणि आम्ही पोरं हात पसरून तिच्यासमोर उभी राहायचो. मग चौकशी सुरू व्हायची. तुझी आई काल विहिरीवर माझ्याबद्दल काय म्हणाली? तुझ्या बापानं मला बघून तोंड का फिरवलं? उत्तर आवडलं नाही तर ती त्या हातावर काही ठेवायची नाही. शिवी नाही, ओरडणं नाही. या हातावरून त्या हातावर अशी सरकायची की मधला हात तिथं नव्हताच. एकदा शेजारची पोर रडायला लागली. आत्यानं तिच्या वाट्याचा पापुद्रा तिच्या डोळ्यांदेखत, चघळत चघळत खाल्ला.

गाव तिला धुराडं म्हणायचं. तिच्या भुवया जळून गेल्या होत्या, डोळे कायम लाल, आणि खोकला असा की ऐकणाऱ्याची छाती दुखावी. काका पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडं दुधाला उकळी आलेली बघावी लागत नाही, आक्का खोकली की समजायचं. पाहुणे हसायचे. आत्याही हसायची आणि हसता हसता पुन्हा खोकायची, मग ते दुप्पट हसायचे.

भट्टीला बाभूळ लागायची. बाभळी संपल्यावर लिंब लागला, मग बांधावरची चिंच. आमच्याच गावात अशा कितीतरी भट्ट्या होत्या आणि आसपासच्या गावांत त्याहून जास्त. रामलिंगच्या अभयारण्यात झाडं राहिली, कारण तिथं पहारा आहे. आमच्या बाजूच्या माळावर पहारा नव्हता, भट्ट्या होत्या.

माझे वडील शाळेत मास्तर, आणि शाळा सुटल्यावर पत्रकं काढणारे. झाडं वाचवा, वीज वाचवा, हुंडा घेऊ नका, बुवाच्या नादी लागू नका. मी बाराखडी गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. आमच्या घरात एका खोलीत माणसं असतील तर दुसऱ्या खोलीत दिवा लावायला बंदी होती. पाहुणा पाणी प्यायला उठला तर वडील त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद करायचे. बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर आम्ही भावंडं पत्रकं वाटायचो. पण भावाच्या भट्टीच्या भिंतीवर वडिलांनी एकही पत्रक कधी चिकटवलं नाही. उरलेली पत्रकं आत्या जाळ पेटवायला न्यायची. वडिलांना ते माहीत होतं. वाया जाण्यापेक्षा बरं, म्हणायचे.

कॉलेजात असताना मी माझं पहिलं पत्रक काढलं, आणि ते भट्ट्यांवर काढलं. आपण पेढा खातो तेव्हा माळ खातो, असं लिहिलं. दूध आटवायला लाकूडच जाळलं पाहिजे असं नाही, ऊन आपल्याकडं फुकट आहे आणि भरपूर आहे, असं लिहिलं. भट्टीवर बसणारी बाई दर श्वासाला जळण ओढते, हेही लिहिलं. नाव कुणाचं घातलं नाही. गरज नव्हती, ते धुराडं गावात एकच होतं. ग्रामसभेत मी ते उभं राहून वाचलं.  घरी आल्यावर काका म्हणाले, ज्या धुरावर शिकलीस त्याच्यावर थुंकलीस. त्या पत्रकातला एक शब्दही मी आज बदलणार नाही.

मग सरकारी योजना आली. छपरावर सोलरच्या प्लेटा, खाली विजेवर तापणारी, आपोआप ढवळणारी कढई. धूर नाही, लाकूड नाही. काकांनी आधी नाक मुरडलं. मग त्यांना कळलं की बाईच्या नावावर मशीन बहुतेक फुकटात पडते, आणि नवऱ्यानं टाकलेल्या बाईचा नंबर सगळ्यांत आधी. त्या दिवशी दुपारी काका स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन भट्टीवर गेले. मी तिथं होते.

"आक्का," ते म्हणाले, "तुला त्यानं टाकलं ते एवढ्या वर्षांनी कामाला आलं बघ."

दूध घालायला आलेले सगळे हसले. आत्यानं तांब्या घेतला आणि ती पाणी प्यायली.

मशीन आली. आत्याला काकूचं ठेवणीतलं लुगडं नेसवलं आणि मशीनसमोर उभं करून फोटो काढला. फोटो झाल्यावर काकूनं लुगडं परत मागून घेतलं. बसवायला आलेल्या माणसानं सगळ्यांना बजावलं की आतलं स्टील आरशासारखं घासलेलं आहे, याला लोखंड लावायचं नाही. ओरखडे पडले की दूध बुडाला धरायला लागेल.

पहिला खवा निघाला. पांढरा, मऊ, लाकडाची एक काडीही न जाळता. मी शेडात उभी होते आणि मला गाऊसं वाटत होतं. काकांनी कढई तिरकी केली. आत्या सवयीनं उलथनं घेऊन पुढं झाली. आत काही नव्हतं. नुसतं चकचकीत बूड.

"बघ, आक्का," काका म्हणाले, "तोंड बघ त्यात."

तिनं वाकून बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मशीनवर वहिनी बसली, काकांची सून. बटण दाबायला दोन बाया कशाला, म्हणून आत्याची वाकळ गोठ्यात गेली. शेड धुतलं, भिंतींना चुना लावला. काकू म्हणाली की इतक्या वर्षांनी शेडातला माणसाचा वास गेला.

आत्या माझ्याकडं आली. भांडायला नव्हे, कारण भांडताना ती बसत नसे. त्या दिवशी आमच्या पायरीवर बसली.

"तुझ्या कागदानं माझी कढई नेली," ती म्हणाली.

मी तिला समजावायला लागले की धुरानं छातीचं काय होतं, डोळ्यांचं काय होतं. तिनं पुरतं ऐकून घेतलं नाही.

"छाती माझी हाय. तुला कुणी इचारलं हुतं?"

मी काकांकडं गेले. मशीन आत्याच्या नावावर आहे, खरवड तिच्या हक्काची होती, तर आता प्रत्येक घाण्यातला पहिला गोळा तिचा धरा, असं मी म्हणाले. काका शांतपणे सुपारी कातरत होते. म्हणाले, खरवड दाखव, लगेच देतो. मशीन आण म्हणून पत्रक कुणी काढलं होतं? मशीनला खरवड नसते. मी वडिलांकडं बघितलं. घरातल्या गोष्टी सावकाश होतात, असं ते म्हणाले. त्यांची सगळी पत्रकं घाईची होती. हे एकच सावकाश होतं.

काकांना मात्र घाई करावी लागली, कारण पेढेवाल्यानं खवा परत पाठवला. देवीच्या गावात त्याचं दुकान होतं आणि वर्षानुवर्षं तो आमचाच खवा उचलायचा. तो स्वतः आला, बोटावर खवा घेऊन हुंगला आणि काकांपुढं धरला. याला धुराचा वास कुठं आहे, म्हणाला. हा दवाखान्यातला खवा, आजाऱ्याला घाला. माझ्या गिऱ्हाइकाला भट्टीचा खवा लागतो.

काका एक दिवस विचारात पडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं ते फक्त आमच्या मुलखातल्याच माणसाला सुचेल. शेडाच्या मागं त्यांनी पत्र्याची एक खोली उभी केली. खिडकी नाही, एकच दार. आत जुनी भट्टी, वर जुनी कढई. सूर्यावर तयार झालेला खवा त्या कढईत घालायचा आणि धुरावर परतायचा. वास धरेपर्यंत. जाळ नको, नुसता धूर पाहिजे, म्हणून ओली बाभूळ. दार उघडं राहिलं तर वास जातो, म्हणून दार बंद. छपरावर प्लेटा उन्हात चमकत होत्या आणि त्यांच्या मागं पत्र्याच्या फटींतून धूर निघत होता. आधी धूर नाइलाजानं व्हायचा, आता तो मुद्दाम करायचा होता.

आत कोण बसणार, हे विचारायचीही गरज पडली नाही. आत्या गोठ्यातून वाकळ घेऊन आली. चालत नव्हे, जवळजवळ पळत. दुपारी ती पत्र्याच्या दाराशी बसली होती आणि तिच्या पुढ्यात खरवड होती, थोडीशी, काळी, कडू वासाची. पोरं जमली होती. मला बघून तिनं एक पापुद्रा उचलून धरला आणि म्हणाली, या पुढारीणबाई, तुमच्या उन्हाची खरवड घ्या. पोरं हसली. मी घेतली नाही.

पत्र्याच्या खोलीतल्या धुरानं, जुन्या उघड्या भट्टीनं इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते थोड्याच दिवसांत केलं. आत्याच्या थुंकीत रक्त दिसलं. मी तिला एसटीनं धाराशिवला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की या छातीला आता आणखी धूर सोसणार नाही, बंद झाला नाही तर ही बाई जाईल. मी बाहेर येऊन बाकावर तिच्याशेजारी बसले आणि शब्द न बदलता तेच तिला सांगितलं. मरण लपवून ठेवायचा आमच्या घरात रिवाज नाही.

"आत्या, आता तुम्ही त्या खोलीत बसायचं नाही," मी म्हणाले.

"मग काय खाऊ? ऊन?"

परतीच्या गाडीत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. घरी पोचल्यावर काकांना म्हणाली, डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, बाकी काही नाही. मी काकांना खरं काय ते सांगितलं. काका म्हणाले, तिला विचार, मी काय दोरीनं बांधलंय? त्यांनी बांधलं नव्हतं, हे खरंच होतं. नुसतं तिला बसायला दुसरी जागा कुठंच ठेवली नव्हती.

पावसाळा सरला आणि निरोप आला की उमरग्याकडच्या बचत गटाच्या बाया बिनधुराचा खवा बघायला येणार आहेत, बरोबर योजनेच्या मॅडम असतील. काकांनी मांडव घातला. बोलायला वडील. त्यांनी नवं पत्रकही काढलं, त्यावर आत्याचा तो मशीनसमोरचा फोटो छापला. अडचण एकच होती. पेढेवाल्याची गाडी त्याच संध्याकाळी यायची होती आणि खवा धुरवायचा राहिला होता.

सकाळी मी शेडाच्या मागं गेले तेव्हा काका पत्र्याच्या दाराखालच्या फटीत ओलं पोतं कोंबत होते. धूर मांडवाकडं जाऊ नये म्हणून. बाहेरून कडी घातलेली होती. आतून उलथन्याचा आवाज येत होता. मी वडिलांना जाऊन सांगितलं. ते आरशासमोर टोपी नीट करत होते. त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं नाही.

"कार्यक्रम होऊन जाऊ दे," ते म्हणाले.

मला त्या वाक्यापर्यंत वाटत होतं की त्यांना माहीत नाही.

बाया आल्या, मॅडम आल्या, वहिनीनं बटण दाबून दाखवलं, खवा निघाला, सगळ्यांनी चाखला. वडील बोलायला उभे राहिले. चांगलं बोलतात ते. या गावानं धुराला हद्दपार केलं, असं म्हणाले, आणि भिंतीमागून खोकला आला. ते थांबले, पुन्हा बोलू लागले. आमच्या भगिनीनं आयुष्यभर धूर गिळला, आज ती मोकळा श्वास घेते आहे, असं म्हणाले. खोकला पुन्हा आला आणि या वेळी थांबेना. उमरग्याकडची एक बाई मान वळवून बघायला लागली. आत कुणी आजारी आहे का, असं तिनं विचारलं. काका म्हणाले, म्हातारी हाय, तिला सवय हाय.

मी उठले. मागं गेले, पोतं ओढून काढलं, कडी काढली आणि दार सताड उघडलं.

धूर आधी बाहेर आला, मांडवाच्या कापडापर्यंत गेला. बाया नाकाला पदर लावून माझ्या मागं मागं आल्या आणि मग सगळ्यांना आत्या दिसली, कढईपुढं उकिडवी बसलेली, तोंडावर ओला फडका बांधलेली. तिनं फडका खाली ओढला. डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिनं त्या सगळ्या लोकांकडं बघितलंच नाही, फक्त माझ्याकडं बघितलं.

"दार लाव गं," ती म्हणाली. "वास चाललाय."

कुणीतरी हसलं. मग बऱ्याच जणी हसल्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं की पत्रकावर फोटो आहे ती हीच बाई, मशीन हिच्या नावावर आहे, आणि हिनं त्या मशीनला अजून हातही लावलेला नाही. वडील तिथंच उभे होते, हातात पत्रकाचा गठ्ठा. मॅडमनी काकांना एवढंच विचारलं की मशीन चालवतं कोण. काका म्हणाले, आक्काच. मॅडम आत्याला म्हणाल्या, बघू, चालवा. आत्या मशीनपुढं येऊन उभी राहिली. तिला बटण कुठलं तेही माहीत नव्हतं. तिनं सगळ्या बाजूंनी मशीनला हात लावून बघितला, म्हशीला लावतात तसा. पुन्हा हसू झालं.

मॅडमनी बजावलं की ही धुराची खोली पडली पाहिजे आणि ज्या बाईचं नाव आहे तीच मशीनवर बसली पाहिजे, नाहीतर मशीन उचलून दुसऱ्या गावाला जाईल. काकांनी खोली पाडली. आत्याला समोर बसवून पाडली, एकेक पत्रा तिच्या पायांजवळ टाकत. जुनी कढई भंगारवाल्याला दिली. भंगारवाला ती उचलत असताना काका मला म्हणाले, हात लाव, तुझंच काम आहे. मी हात लावला. एका बाजूनं मी, एका बाजूनं तो. ते दार मी उद्याही उघडीन.

पेढेवाला दुसऱ्या गावच्या भट्टीकडं गेला. तिकडं अजून बाभळी शिल्लक आहेत. काकांना लातूरचं गिऱ्हाईक मिळालं, तिथं पांढरा खवा चालतो.

आत्या मशीनपुढं पाटावर बसायला लागली. वहिनीनं शिकवलं, चिडचिड करत, आणि ती शिकली. गाव बघतंय म्हणून काका रोज दुपारी पळसाच्या पानावर खव्याचा एक गोळा ठेवून तिच्यापुढं सरकवायचे. पहिल्या दिवशी तिनं तो उचलला आणि कुत्र्यापुढं टाकला. काकांनी कारण विचारलं.

"ही भीक हाय," ती म्हणाली. "खरवड न्हाय."

एके दिवशी दुपारी शेडातून असा आवाज आला की दात शिवशिवले. स्टीलवर लोखंड. मी गेले तोवर वहिनी काकांना बोलवायला पळाली होती. आत्या कढईत वाकली होती, हातात ते जुनं उलथनं, आणि त्या आरशासारख्या बुडावर ती दोन्ही हातांनी जोर लावून खरडत होती. काका धावत आले. ओरडले, हात उगारला. तिनं मान वर केली नाही.

"मशीन कुणाच्या नावावर हाय?" तिनं विचारलं.

काकांचा हात तसाच राहिला, मग खाली आला. ती खरडत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. कढईत तोंड दिसेनासं झालं. मग एका दुपारी खवा काढून घेतला आणि बुडाला तांबूस पातळ पापुद्रा धरलेला दिसला. धूर नव्हता, लाकूड नव्हतं. उन्हाची वीज होती आणि दूध चिकटलं होतं.

तिनं कढई तिरकी केली.

पोरं उंबऱ्याशी जमली, वहिनीची धाकटीही आली. मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले, एवढी मोठी, आणि हात पुढं केला. आत्या एकेका हातावर खरवड ठेवत आली. खोकली, थांबली, पुन्हा ठेवू लागली. माझ्या अलीकडच्या पोराला दिली. माझ्या पलीकडच्या पोरीला दिली.